जुन्या खेळण्यातल्या रेल्वेचा शेवटचा डबा: कबूसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत घरं रिकामी होतात तेव्हा तळघरातून हमखास एक पुठ्ठ्याचा खोका निघतो. आत काळं इंजिन, चार-पाच मालडबे आणि शेवटी एक छोटा तांबडा डबा. इंजिनाबद्दल बाकीचे लोक विचारतात, मला विचारणा येते ती त्या तांबड्या डब्याची. इथल्या मराठी घरांतून, पुण्या-मुंबईहून, कधी एखाद्या अमेरिकी शेजाऱ्याकडूनही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अवघड. एखाद्या उत्तराचा उरलेला भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कबूस म्हणजे आपल्याकडचा गार्डचा डबाच ना?

काम बरंचसं तेच. मालगाडीच्या शेवटी लावायचा, त्यात गार्ड आणि ब्रेकमन बसायचे, गाडीवर मागून नजर ठेवायचे. पण आपल्याकडची ब्रेक व्हॅन म्हणजे दोन बाजूंना उघडे कठडे आणि मध्ये छोटी खोली. अमेरिकी कबूस हे कामगारांचं घर होतं. कोळशाची शेगडी, झोपायला फळ्या, टेबल, कंदील, आणि बहुतेकांच्या छपरावर एक घुमटी. त्या घुमटीत उंच बसून पुढच्या साठ-सत्तर डब्यांपैकी कुठल्या चाकातून धूर येतोय का, ते बघायचं. १९८०च्या दशकात गाडीच्या शेवटी लावायचं लुकलुकणारं यंत्र आलं आणि अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेमार्गांवरून कबूस गेले. आपल्याकडेही आता तशीच यंत्रं येऊ लागली आहेत, आणि २०२२पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात.

खेळण्यात मात्र कबूस टिकला. खेळण्याच्या मालगाडीच्या जवळजवळ प्रत्येक संचात तो असायचाच, कारण त्याच्याशिवाय पोरांना गाडी पुरी वाटायची नाही.

२. 'व्हिंटेज' कुठपर्यंत धरायचं?

अमेरिकी संग्राहक दुसऱ्या महायुद्धाला मधोमध धरून बोलतात. खेळण्यातल्या रेल्वे बनवणारी लायनेल कंपनी १९००मध्ये न्यू यॉर्कला सुरू झाली. १९४२मध्ये युद्धामुळे खेळण्यातल्या रेल्वेचं उत्पादन थांबलं. तोवरचं सगळं 'प्रीवॉर'. १९४५ ते १९६९ 'पोस्टवॉर'. १९७०पासून जनरल मिल्स या कंपनीने लायनेलचं नाव परवान्यावर घेऊन गाड्या काढल्या, तो पुढचा काळ. पन्नास वर्षं उलटली म्हणून त्यांनाही कुणी जुनं म्हणेल, पण संग्राहकाच्या तोंडी 'जुना कबूस' आला की तो बहुधा १९६९च्या आतला असतो. या पानावरचं बहुतेक लिखाण पोस्टवॉर डब्यांबद्दल आहे, कारण लोकांच्या हाती लागतात ते तेच.

३. माझा डबा कोणत्या गेजचा आहे हे कसं ओळखू?

पट्टी घ्या आणि रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. रूळ नसतील तर डबा उलटा करून एका आसावरच्या दोन चाकांच्या कडांमधलं अंतर बघा, ते रुळाच्या मापापेक्षा किंचित कमी भरतं. साधारण ५४ मिलिमीटर म्हणजे लायनेलचा जुना 'स्टँडर्ड गेज', १९०६मध्ये आलेला, मोठा आणि पत्र्याचा. ३२च्या आसपास म्हणजे ओ गेज. साडेबावीस म्हणजे एस गेज, तो बहुतेक वेळा अमेरिकन फ्लायर (गिल्बर्ट कंपनीची गाडी, बघा प्र. ४) असतो. साडेसोळा म्हणजे एचओ आणि नऊ म्हणजे एन.

मध्ये तिसरा रूळ असेल तर तो एस गेज नक्की नाही. लायनेल आणि मार्क्स (स्वस्त गाड्या काढणारी दुसरी कंपनी) यांच्या विजेवरच्या ओ गेज गाड्या तीन रुळांवर चालायच्या, फ्लायरच्या एस गेज गाड्या दोनच रुळांवर.

४. डब्यावर कंपनीचं नावच दिसत नाही. कुणी बनवला असेल?

आधी कपलर बघा, म्हणजे डबे एकमेकांना जोडायचा आकडा. वळलेल्या बोटांच्या मुठीसारखा धातूचा कपलर आणि ओ गेज असेल तर बहुधा पोस्टवॉर लायनेल. दोन रुळांवरचा एस गेज डबा आणि आडव्या कडीसारखा साधा दुवा असेल तर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा अमेरिकन फ्लायर. तो ए. सी. गिल्बर्ट कंपनीचा, कनेटिकटमधल्या न्यू हेवनचा. पत्र्यावर खिडक्या, पायऱ्या, अगदी रिव्हेटसुद्धा नुसते छापलेले असतील, आणि पत्र्याची जीभ खाचेत घालून वाकवून डबा जोडलेला असेल, तर तो मार्क्सचा. मार्क्सच्या गाड्या पेनसिल्व्हेनियातल्या गिरार्डला बनायच्या आणि स्वस्त असायच्या. पुष्कळ गरीब घरांत पोहोचलेली पहिली रेल्वे मार्क्सचीच होती. म्हणून त्यांच्याकडे नाक मुरडणारे संग्राहक मला पटत नाहीत. त्या पत्र्यावरची छपाई जवळून बघा, लाल रंगावरची ती काळी-पिवळी बारीक रेघ साठ-सत्तर वर्षांनंतरही ताजी दिसते.

फ्लायरच्या क्रमांकातही खूण असते. साध्या दुव्याच्या डब्यांना सहाशेतले क्रमांक, मुठीच्या कपलरवाल्यांना बहुधा नऊशेतले, आणि १९५७पासून २४ने सुरू होणारे पाच आकडी.

५. माझ्या कबूसवर ४७७६१८ असा क्रमांक आहे. हा कुठल्याच यादीत का नाही?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बाजूवर छापलेला क्रमांक हा कॅटलॉगमधला क्रमांक असेलच असं नाही. खेळणं खऱ्या रेल्वेसारखं दिसावं म्हणून कंपनी बाजूवर खऱ्या डब्यासारखा लांबलचक क्रमांक छापायची. ४७७६१८ म्हणजे लायनेलचा २४५७ किंवा २४७२, दाबलेल्या पत्र्याचा पेनसिल्व्हेनिया कबूस. २४५७मध्ये दिवा असतो, २४७२ ही त्याचीच बिनदिव्याची स्वस्त आवृत्ती.

असेच आणखी काही: ५३६४१७ म्हणजे ६४१७. सुरुवातीचे ५३ काढले की क्रमांक समोर येतो, आणि ते ५३ म्हणजे १९५३, तो डबा निघाला ते वर्ष. ५७६४२७ म्हणजे १९५७च्या गुलाबी गाडीचा ६४२७-५०० (बघा प्र. ११). ६४२७३ म्हणजे साधा लायनेल लाइन्स ६४२७. ६४१७५१ म्हणजे लीहाय व्हॅली रेल्वेचा ६४१७-५०. आणि सी३०१ दिसलं तर डबा हळूच खाली ठेवा, आधी हात धुऊन या, आणि मग प्र. ११ वाचा.

६. कबूसचे प्रकार किती?

खऱ्या रेल्वेत पुष्कळ, खेळण्यात पाच ओळखता आले की काम भागतं. घुमटी असलेला चौकोनी प्लास्टिकचा डबा, त्याला 'एसपी प्रकार' म्हणतात, कारण तो सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या डब्यावरून घेतला. सगळ्यात जास्त हेच सापडतात. दुसरा पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा पत्र्याचा एन५, म्हणजे वरचा २४५७. तिसरा एन५सी, बोटीसारख्या गोल खिडक्यांचा. खरा एन५सी १९४२मध्ये बनला, आणि लायनेलने तो १९५३मध्ये ६४१७ म्हणून आणला. माझ्या मते पोस्टवॉर लायनेलचा सगळ्यात देखणा कबूस हाच. चौथा बे विंडो. याला घुमटी नसते, दोन्ही बाजूंना खिडकी बाहेर काढलेली असते, जुन्या वाड्याच्या सज्जासारखी. लायनेलचा ६५१७ (१९५५-५९) हा तो. पाचवा कामाचा कबूस: अर्धा डबा म्हणजे छोटी खोली आणि अर्धा उघडा, अवजारांसाठी. लायनेलचे २४१९, ६४१९ आणि ६११९ या जातीचे. पहिल्या दोघांचा पाया ओतीव धातूचा आणि हाताला जड, ६११९चा दाबलेल्या पत्र्याचा.

७. २२५७, ६२५७, २३५७, ६३५७, ६४५७, ६०१७ — सगळे एकसारखेच दिसतात. फरक काय?

सगळे एसपी प्रकारचे, सगळे तांबडे किंवा तपकिरी, म्हणून घोळ होतो. एक सूत्र लक्षात ठेवलं की निम्मा गुंता सुटतो: पहिला आकडा २ असेल तर १९४५ ते १९४८च्या काळातला, विजेच्या गुंडाळीवर उघडणारा कपलर. पहिला आकडा ६ असेल तर १९४८पासूनचा, रुळातल्या चुंबकाने उघडणारा. म्हणजे २२५७चा वारस ६२५७ आणि २३५७चा वारस ६३५७. कामाच्या कबूसमध्येही हेच, २४१९नंतर ६४१९.

उरलेल्या आकड्यांत श्रीमंती-गरिबी लपलेली आहे. ६२५७ साधा, आत दिवा नाही. ६३५७मध्ये दिवा आहे, त्यामुळे खिडक्यांतून उजेड दिसतो. ६४५७ (१९४९-५२) हा मोठ्या संचांसाठी होता. त्याला दिवा, शिडी, खाली अवजारांच्या पेट्या, धुराडं आणि दोन्ही टोकांना कपलर. ६०१७ (१९५१-६२) सगळ्यात साधा, स्वस्त संचांचा. तळघरातल्या खोक्यांत मला सगळ्यात जास्त वेळा भेटतो तो हाच. ६५५७ (१९५८-५९) वेगळाच. त्याच्या धुराड्यातून खरंच धूर येतो, आत तेलाचे थेंब टाकले की.

८. नेमकं वर्ष कसं काढायचं?

डबा उलटा करा. वरचा भाग रंगवता येतो, बदलता येतो, उन्हात विटतो. खालचं लोखंड सहसा खोटं बोलत नाही.

चाकांच्या ज्या चौकटीवर डबा बसतो तिला इकडे 'ट्रक' म्हणतात. आपल्याकडे रेल्वेतले लोक बोगी म्हणतात, पण प्रवाशाच्या तोंडी बोगी म्हणजे अख्खा डबा, म्हणून मी ट्रकच म्हणतो. ट्रकच्या बाजूच्या चौकटीत मधोमध एक टोक दिसतं. ते स्टेपलच्या पिनेसारखं वळलेलं असेल तर ढोबळमानाने १९५१पर्यंतचा ट्रक. सरळ भरीव पट्टीचं टोक असेल तर त्यानंतरचा. हे दोन्ही धातूचे. बाजूची चौकट काळ्या प्लास्टिकची आणि तिच्यावर बारीक अक्षरांत 'टिमकेन' असेल, तर १९५७ किंवा नंतरचा.

मग कपलर. खाली तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि रुळाला टेकणारी छोटी पट्टी असेल तर १९४५-४८. गुंडाळी नसून गोल लोखंडी चकती असेल तर १९४८नंतरचा. त्या चकतीला बाजूला हाताने दाबायची छोटी जीभ असेल तर १९५५नंतरचा. दोन्ही खुणा एकमेकांवर ठेवल्या की वर्ष दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात येतं. ट्रक आणि डबा यांचं जमत नसेल तर आधी प्र. १८ वाचा, लगेच 'कुणीतरी बदललाय' असं म्हणू नका.

९. डब्यावर 'बीएलटी १२-५५' छापलंय. मग तेच वर्ष ना?

नाही. 'बीएलटी' म्हणजे 'बिल्ट', बांधला. ती तारीख खऱ्या रेल्वेची नक्कल आहे. खऱ्या डब्यावर बांधणीचा महिना-वर्ष लिहितात म्हणून खेळण्यावरही छापायचे, आणि एकदा ठसा तयार झाला की तोच पुढे वर्षानुवर्षं वापरायचे. ६५१७ बे विंडोवर १२-५५ आहे, पण तो १९५९पर्यंत निघत होता. या तारखेवरून एवढंच कळतं की डबा त्याआधीचा नाही. बारकावा आवडणाऱ्यांसाठी: ६५१७च्या काही डब्यांवर त्या ओळीखाली अधोरेखा आहे आणि काहींवर नाही. अधोरेखा असलेले आधीचे.

१०. माझ्या आजोबांच्या (किंवा घरमालकांच्या) कबूसचे किती पैसे येतील?

खरं सांगायचं तर बहुतेकांची निराशा होते. ६०१७ आणि ६२५७ अफाट संख्येने निघाले. वर्षानुवर्षं पोरांनी खेळवलेला, एक पायरी मोडलेला, खोका नसलेला डबा कुठल्याही रेल्वे मेळ्यात टेबलाखालच्या पेटीत 'काहीही उचला, एकच भाव' अशा पाटीखाली पडलेला असतो. भाव ठरतो तीन गोष्टींवर: किती निघाले, कोणत्या अवस्थेत आहे (प्र. १४) आणि त्याचा मूळ खोका आहे का (प्र. १५). वय या यादीत नाही. १९४८चा साधा डबा १९६६च्या दुर्मीळ डब्यासमोर काहीच नसतो.

पण तो डबा विकू नका, असंही मी लोकांना सांगतो. त्याच्या खालच्या बाजूला कुणाचं तरी नाव रंगीत खडूने लिहिलेलं असेल तर मुळीच पुसू नका. माझ्याकडच्या एका ६२५७च्या पोटावर निळ्या मेणखडूने वेडंवाकडं 'बॉबी' लिहिलेलं आहे. बाजारात त्या डब्याला काही भाव नाही आणि माझ्या फळीवर तो पहिला आहे.

११. खरोखर दुर्मीळ असे कबूस कोणते?

पोस्टवॉर लायनेलमधले जे मी स्वतः जवळून पाहिलेत किंवा ज्यांच्या मागे लोक धावताना पाहिलेत, तेवढेच सांगतो.

१९५७मध्ये लायनेलने मुलींसाठी म्हणून एक संच काढला. इंजिन गुलाबी, डबे फिकट पिवळे, निळे, जांभळे, आणि शेवटी आकाशी निळा एन५सी कबूस, ६४२७-५००. मुलींना तो आवडला नाही. त्यांना भावासारखीच काळी, खरीखुरी गाडी हवी होती, आणि मला त्यात मुलींचंच बरोबर वाटतं. संच दुकानांत पडून राहिला आणि १९५८नंतर बंद झाला. जे विकलं गेलं नाही तेच आज लोकांना हवं आहे. प्लास्टिक लायनेलमध्ये याच्याइतक्या नकला फार थोड्यांच्या झाल्या असतील.

लीहाय व्हॅली ६४१७-५०, १९५४. राखाडी रंगाचा सहज मिळतो. तोच तपकिरी-तांबड्या रंगात आला तर दुर्मीळ.

व्हर्जिनियन रेल्वेचा ६४२७-६०, १९५८, गडद निळ्यावर पिवळी अक्षरं. देखणा आणि कमी.

ईरी रेल्वेचा बे विंडो ६५१७-७५, १९६६. सी३०१ म्हणतात तो हाच. लायनेलचे वाईट दिवस चालू होते, डबा थोडाच निघाला.

आणि शांतपणे सगळ्यांवर बसलेला ६३५७-५०. १९६०मध्ये लायनेलने बाप-लेकांसाठी एक जोडसंच काढला. खाली ओ गेजची गाडी आणि वर पुलावर तशीच छोटी एचओ गाडी. त्या ओ गेज गाडीच्या शेवटी लाल एसपी कबूस होता आणि त्यावर नेहमीच्या 'लायनेल'ऐवजी सांता फे रेल्वेची आद्याक्षरं. संच महाग होता, कमी खपला. साध्या ६३५७च्या बाजूला ठेवला तर नवख्याला फरक कळणारही नाही. तळघरातल्या ढिगात तो अजूनही कुठेतरी पडलेला असेल असं मला वाटत राहतं.

फ्लायरमध्ये ९७७ (१९५५-५७) दुर्मीळ नाही पण मजेचा आहे. बटण दाबलं की ब्रेकमन मागच्या कठड्यावर येतो.

१२. पुन्हा रंगवलेला किंवा नकली डबा कसा ओळखायचा?

चांगलं भिंग घ्या, दहापट दाखवणारं. पोस्टवॉर लायनेलची पुष्कळ अक्षरं गरम ठशाने उमटवलेली आहेत. ठसा प्लास्टिकमध्ये किंचित रुततो, त्यामुळे प्रत्येक अक्षर आपल्या बारीक खळग्यात बसलेलं दिसतं आणि कड धारदार असते. दिव्याखाली डबा तिरका धरला की त्या खळग्याची सावली पडते. नकली अक्षर नुसतं पृष्ठभागावर तरंगतं. पण काही अस्सल डब्यांवर रबरी शिक्का किंवा जाळीची छपाईसुद्धा आहे, म्हणून त्या मॉडेलचा एक खात्रीचा डबा शेजारी ठेवूनच निकाल द्या.

दुसरी जागा डब्याच्या आत. मूळ प्लास्टिकचा रंग तिथे दिसतो. निळ्या डब्याच्या आत दुसऱ्याच मॉडेलच्या प्लास्टिकचा रंग दिसला की प्रश्न विचारायला हवेत. खिडकीच्या चौकटीच्या आतल्या कडा, पायऱ्यांचे कोपरे आणि रिव्हेटच्या मुळाशी रंग साचलेला दिसतो का तेही बघा. कारखान्याचा रंग पातळ असतो, घरी मारलेला बहुधा जाड.

सगळ्यात फसवी नक्कल रसायनाने रंग बदललेल्या डब्याची. तिथे रंगाचा थर नसतोच, मूळ प्लास्टिकचाच रंग बदललेला असतो, अक्षरं अस्सल आणि खळगेही अस्सल. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या रेल्वे मेळ्यात माझ्या हाती असाच एक तपकिरी लीहाय व्हॅली आला होता. अक्षरं तपासली, ट्रक तपासले, सगळं बरोबर, आणि मी पैसे दिले. घरी येऊन ट्रकचा खिळा काढला तर खिळ्याखाली नाण्याएवढं वर्तुळ राखाडी. तिथे रसायन पोहोचलं नव्हतं. विक्रेत्यालाही बहुधा माहीत नव्हतं, पण तेव्हापासून महागाचा डबा घेताना मी ट्रक काढून दाखवायला सांगतो. नाही म्हटलं तर पुढच्या टेबलाकडे जातो.

१३. १९७०नंतर पुन्हा काढलेले डबे जुन्यांत मिसळतात का?

मिसळतात, पण ओळखणं सोपं आहे. १९७०पासून उत्पादन मिशिगनला गेलं, आणि नवे ट्रक प्लास्टिकचे, चाकांचे आस टोकदार. बोटाने चाक फिरवलं तर जुन्यापेक्षा बराच वेळ फिरत राहतं. सुरुवातीच्या वर्षांतले क्रमांक ९ने सुरू होतात, उदाहरणार्थ इलिनॉय सेंट्रलचा गोल खिडक्यांचा ९१६०. पुढे जुन्या गाजलेल्या डब्यांच्या नव्या आवृत्त्याही आल्या. त्यांना नकली म्हणणं अन्याय आहे. अडचण तेव्हाच येते, जेव्हा कुणी नवं कवच जुन्या ट्रकवर बसवतं.

१४. विक्रेता 'सी-७' म्हणतो. म्हणजे काय?

ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन ही १९५४मध्ये स्थापन झालेली संस्था, तिच्या दर्जाच्या श्रेणी. सी-१० म्हणजे न वापरलेला, निष्कलंक. सी-९ म्हणजे कारखान्यातून आल्यासारखा. सी-८ जवळजवळ नवा. सी-७ म्हणजे सगळे भाग मूळ, बारीक ओरखडे चालतील, गंज नाही. सी-६वर किरकोळ भाग बदललेला आणि थोडा वरवरचा गंज चालतो. सी-५, सी-४ म्हणजे चांगलाच खेळवलेला. विक्रेत्याच्या सी-८ला मी मनात सी-७ धरतो आणि सहसा चुकत नाही. फोटोत कबूसच्या पायऱ्या आणि घुमटीच्या कडा मागवून बघा, मोड तिथेच असते.

१५. रिकाम्या खोक्याला खरंच किंमत असते?

असते, आणि कधी कधी आतल्या डब्यापेक्षा जास्त. पोरं खोका पहिल्याच दिवशी फाडायची, म्हणून खोके कमी राहिले. केशरी-निळा खोका लायनेलचा. टिचकी मारून फाडायची छिद्रांची खिडकी असलेला केशरी खोका १९५९-६०च्या सुमाराचा, पारदर्शक कागदाची खिडकी असलेला १९६६चा. खोक्याच्या टोकावरचा क्रमांक पूर्ण वाचा, शेपटीसकट. '६३५७' आणि '६३५७-५०' यांत केवढा फरक आहे ते प्र. ११मध्ये आलं आहे. फाटका कोपरा घरी चिकटपट्टीने जोडू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि निघताना छपाई घेऊन जाते.

१६. साफ कसा करायचा?

आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ. मग कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब आणि कापसाची काडी, अक्षरांपासून दूर. प्लास्टिकवर थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको, अल्कोहोलही नको. अक्षरांवरून ओली काडी फिरवायचीच झाली तर आधी एखाद्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर बघा, कारण रबरी शिक्क्याची अक्षरं पाण्यानेसुद्धा जातात. मार्क्सचा पत्रा घासू नका, छपाईवरची चमक गेली की गेली.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात ठेवायचे असतील तर शत्रू दमटपणा. बंद काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला किंवा तापवून वाळवा. उन्हाच्या तिरपीत तर कधीच ठेवू नका, तांबडा रंग आधी विटतो.

१७. धातूच्या भागाला बारीक तडे गेलेत आणि तो फुगलाय. दुरुस्त होईल?

नाही. याला जस्ताची कीड म्हणतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली की काही दशकांनी तो आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बोटात चुरतो. युद्धापूर्वीच्या ओतीव भागांत जास्त दिसतं. हे संसर्गजन्य नाही, शेजारच्या डब्याला लागत नाही. तो भाग बदलून घ्यायचा, नवे भाग मिळतात. विकताना मात्र हे सांगायला हवं.

१८. अवघड प्रकरण: माझ्या डब्याला एका टोकाला धातूचा ट्रक आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचा. कुणी गडबड केलीय का?

कदाचित नाही. १९६०च्या दशकात लायनेल अडचणीत होती आणि कारखान्यात उरलेलं सामान संपवलं जात होतं. दोन जातींचे ट्रक, एका बाजूला उघडणारा कपलर आणि दुसऱ्या बाजूला न उघडणारा, असे डबे कारखान्यातूनच बाहेर पडले. ट्रक जिथे बसवला त्या खिळ्याकडे बघा. खिळ्याचं डोकं न दुखावलेलं, सभोवतालच्या प्लास्टिकवर ओरखडे नाहीत, दोन्ही टोकांची धूळ सारखीच जुनी, तर ते मूळचंच धरायला हरकत नाही. पण हा नियम १९६०च्या दशकातल्या स्वस्त डब्यांसाठीच. १९४८च्या ६३५७ला प्लास्टिकचा ट्रक दिसला तर तो नक्की नंतर लावलेला.

१९. डब्यावर काहीच छापलेलं नाही. ना नाव, ना क्रमांक. अक्षरं पुसली गेली की काय?

भिंगातून बघा. पुसलेल्या गरम ठशाचा खळगा राहतो. तोही नसेल तर डबा मुळातच कोरा. १९६३पासूनच्या स्वस्त संचांसाठी लायनेलने ६१६७ जातीचे कोरे एसपी कबूस काढले, लाल, पिवळे आणि लष्करी संचांसाठी हिरवट. छपाईचा खर्च वाचवायला. लाल कोरा डबा कुणाला नको असतो, हिरवट मात्र लगेच विकला जातो.

२०. भारतात नेऊन चालवता येईल का?

येईल, पण ट्रान्सफॉर्मर थेट भिंतीतल्या प्लगात घालू नका. अमेरिकेत ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर लावला तरी हर्ट्झ ५०च राहतात, आणि ६०साठी बनलेला जुना ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो. म्हणून पूर्ण जोर लावू नका, अर्ध्या तासाने हात लावून बघा. जुन्या वायरचं रबर कडक होऊन तडकलेलं असेल तर आधी वायर बदला.

दिव्याच्या कबूसमध्ये आतला बल्ब खूप तापतो. उभ्या गाडीत तासन् तास जळत ठेवला तर वरचं छप्पर वाकडं होतं, पुष्कळ ६३५७चं तसं झालेलं दिसतं. कमी व्होल्टचा किंवा एलईडी बल्ब बसवा, मूळ बल्ब कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा.

चालत्या मॉडेल रेल्वेची जादू बघायची असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा.

२१. लहान मुलाच्या हाती देऊ का?

तोंडात वस्तू घालण्याच्या वयात नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत शिशाच्या रंगावर बंदी आली ती १९७८मध्ये. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला द्या, खेळून झालं की हात धुवायला लावा, आणि प्र. १०मधल्या साध्या ६०१७पासून सुरुवात करा.

२२. मला संग्रह सुरू करायचाय. पहिला कबूस कोणता घेऊ?

६४१७, पेनसिल्व्हेनियाचा, गोल खिडक्यांचा, आत दिवा. सहज मिळतो, अजून परवडतो आणि त्याच्यावर ठसा, रंग, ट्रक, कपलर सगळं शिकता येतं. एप्रिल किंवा ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियात यॉर्कला रेल्वे मेळा भरतो तिथे जमलं तर या. नाहीतर कुठल्याही मेळ्यात जा, विकत घेण्याआधी वीस-पंचवीस डबे नुसते हातात घेऊन उलटे करा. विक्रेत्याला विचारून घ्या, बहुतेक जण हसून हो म्हणतात. रात्री खोलीतले दिवे बंद करून तो ६४१७ गाडीच्या शेवटी लावून एक फेरा मारा. वळणावर गोल खिडक्यांचा पिवळा उजेड भिंतीवरून सरकत जातो.